शेततळ्याचें कुंपण आणि घरांतील लहान मुलें

शेतांत कुंपण घालण्याचे हेतु आपल्या लोकांस दोनच ठाऊक आहेत. एक आपली हद्द दाखविणें व दुसरा गुरेंढोरें पिकांत शिरूं न देणें. लहान मुलास पाण्यापासून दूर ठेवणें हा कुंपणाचा तिसरा हेतु होय; परंतु तो आपल्या हिशेबांत अद्याप नीटसा धरला जात नाहीं. विहिरीच्या काळांत हें कसेंबसें निभावून गेलें. गेल्या वीस वर्षांत मात्र प्लॅस्टिकचें अस्तर लाविलेलीं शेततळीं गांवोगांव झालीं, व त्यांतील कित्येक राहत्या वस्तीला लागूनच आहेत. द्राक्षें, डाळिंबें यांच्या बागा या पाण्यावर तगल्या हें खरेंच आहे. परंतु त्याच पाण्यांत एखाद्या घरचें तीन-चार वर्षांचें लेंकरूं गेल्याची बातमीहि वर्तमानपत्रांत येते. आपण ती वाचून हळहळतों आणि पान उलटतों.

प्रस्तुत लेखांत कुंपणाचा विचार पिकाच्या दृष्टीनें न करितां मुलाच्या दृष्टीनें करावयाचा आहे. सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे. जनावरासाठीं घातलेलें कुंपण मुलास अडवीत नाहीं. मुलासाठीं कुंपण निराळ्या रीतीनें बांधावें लागतें, आणि त्याचीं मापें अनुभवानें ठरलेलीं आहेत.

१. शेततळ्याचा धोका निराळा कां

महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढिली. तींत मोठ्यांत मोठें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें धरलें होतें. तेंच माप येथें उदाहरणादाखल घेऊं. बाजूंचा उतार एकास एक धरला, तर तळ २४ मीटर चौरस येतो, आणि कांठोकांठ भरल्यास तळ्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी राहतें. एवढें पाणी आपण घराच्या अंगणाशेजारीं उभें करितों, हें प्रथम मनांत नीट बिंबलें पाहिजे.

विहिरीहून याचा धोका तीन गोष्टींनीं निराळा आहे. पहिली गोष्ट उताराची. एकास एक उतार म्हणजे अर्धा काटकोन. त्यावर गुळगुळीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर पाणी, व कांहीं महिन्यांनीं पाण्याखालीं शेवाळ. अशा उतारावर मोठ्या माणसाचाहि पाय ठरत नाहीं. पक्क्या बांधणीच्या विहिरींत निदान पायऱ्या असतात, दगडाची सांध हातीं लागते. येथें हाताला धरावयास कांहींच नाहीं. म्हणून ज्यास उत्तम पोहतां येतें असा तरुणहि कांठाशीं येऊन पुन्हां पुन्हां घसरतो व शेवटीं थकून बुडतो.

दुसरी गोष्ट भरावाची. पुष्कळ तळीं अर्धी खोदून व अर्धी मातीचा भराव घालून केलेलीं असतात. घरांतून पाहिलें तर मातीचा बांध तेवढा दिसतो, पाणी दिसत नाहीं. मूल बांध चढून पलीकडे गेलें कीं तें नजरेआड झालें.

तिसरी गोष्ट वर्दळीची. मोटेच्या दिवसांत विहिरीवर कोणी ना कोणी असेच. मोट हांकणारा असे, धुणें धुणाऱ्या बाया असत. शेततळें एकदां भरलें म्हणजे तेथें दिवसदिवस कोणी फिरकत नाहीं. पंप दूर असलेल्या खटक्यानें, किंवा आतां भ्रमणध्वनीवरूनहि चालू होतो.

यांत बुडण्याचा प्रकार आणखी विचार करावयास लावणारा आहे. लहान मूल बुडतांना ओरडत नाहीं. त्याचें नाक-तोंड पाण्याखालीं गेलें कीं आवाज निघत नाहीं, आणि सारा प्रकार दोन-चार मिनिटांत आटोपतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ च्या अहवालांत दिलेल्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, व त्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा होता. महसूल खात्यांत ज्यांनीं दप्तर सांभाळलें त्यांना अशा मृत्यूंच्या कागदांतील एक वाक्य पाठ झालेलें असतें. मूल खेळतां खेळतां घरच्यांची नजर चुकवून गेलें, असें तें वाक्य. गांव बदलतें, नांव बदलतें, वाक्य बदलत नाहीं. यावरून आईबापांस बोल लावणें सोपें आहे. परंतु चुलीवर भाकरी आहे, गोठ्यांत गाय व्यायली आहे, बाजाराची गाडी दारांत उभी आहे, अशा घरांत नजर चुकणारच. नजर चुकते हें गृहीत धरूनच उपाय योजिला पाहिजे. घरच्यांचें लक्ष नसेल तेवढीं मिनिटें पहारा करणें हेंच कुंपणाचें काम होय.

२. इतर देशांत काय ठरलें आहे

हाच प्रश्न इतर कांहीं देशांत घरच्या तरणतलावांवरून उपस्थित झाला. तेथें अंगणांत पोहण्याचा हौद बांधण्याची रीत पुष्कळ आहे, व त्यांत लहान मुलें बुडूं लागल्यावर कायदे करावे लागले. न्यूझीलंडमध्यें १९८७ सालीं तरणतलावांस कुंपण घालण्याचा कायदा झाला. पुढें ते नियम इमारतींच्या कायद्यांत घेतले गेले, व १ जानेवारी २०१७ पासून घरच्या तलावांची दर तीन वर्षांनीं तपासणी करण्याचें काम स्थानिक संस्थांवर आलें. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत १९९२ सालीं असाच कायदा झाला. फ्रान्सनें ३ जानेवारी २००३ च्या कायद्यानें जमिनींत बांधलेल्या खाजगी तलावांच्या मालकांस चार उपायांपैकीं एक तरी करणें भाग पाडलें. ते उपाय म्हणजे कुंपण, गजर, आच्छादन किंवा वरून पूर्ण छप्पर. न करणारास ४५ हजार युरोपर्यंत दंड ठेविला.

आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांकडे तरणतलाव असेल. परंतु घराशेजारचें खोल पाणी, लहान मूल, आणि कामांत गुंतलेले आईबाप हीं तिन्ही आपल्याकडेहि आहेत. म्हणून त्या नियमांतील मापें आपण उसनीं घेण्यास हरकत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील मापें अशीं आहेत.

(१) कुंपणाची उंची बाहेरच्या बाजूनें मोजून निदान १२० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें ४ फूट असावी.

(२) कुंपणाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर १० सेंटिमीटरपेक्षां, म्हणजे ४ इंचांपेक्षां अधिक नसावें. दोन उभ्या गजांमधील फटहि तेवढीच. यापेक्षां मोठ्या फटींतून लहान मुलाचें अंग निसटून जाऊं शकतें.

(३) बाहेरच्या बाजूस ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे ३ फुटांच्या टप्प्यांत चढण्यास आधार मिळेल असें कांहीं असूं नये. आडवी पट्टी, दगडांचा ढीग, झाड, कुंडी, औताचें सामान या सर्वांस हा नियम लागू आहे.

(४) दार आपोआप मिटणारें व आपोआप कडी लागणारें असावें. तें पाण्याच्या दिशेनें उघडतां कामा नये, बाहेर उघडावें. कडी सोडण्याची जागा जमिनीपासून दीड मीटर, म्हणजे सुमारें ५ फूट उंच असावी.

यांपैकीं प्रत्येक मापामागें मुलाचा विचार आहे. उंची त्याच्या हाताच्या पोहोंचीवरून, फट त्याच्या अंगावरून, कडी त्याच्या बोटांवरून ठरली. दार बाहेर उघडावें याचें कारणहि असेंच आहे. मूल दार ढकलतें, ओढत नाहीं. बाहेर उघडणारें दार त्यानें ढकललें तर तें अधिकच बंद होतें.

यांत आणखी एक मुद्दा आहे, तो आपल्या वस्त्यांस फार लागू पडतो. कुंपण पाण्याच्या चारी बाजूंनीं असावें. तीन बाजूंस कुंपण व चौथ्या बाजूस घराची भिंत असें केल्यास घराचें मागचें दार थेट पाण्यावर उघडतें, आणि मूल तर घरांतूनच निघत असतें. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें या दोन प्रकारांची तुलना झाली, तींत चारी बाजूंचें कुंपण कितीतरी अधिक उपयोगी ठरलें.

३. आपल्या कुंपणांत काय उणें आहे

आतां आपल्याकडील नेहमींचें कुंपण या मापांनीं पाहूं. सिमेंटचे किंवा लोखंडी अँगलचे खांब रोवून त्यांवर कांटेरी तारेचे चार-पांच पदर ताणलेले असतात. हें बैलास अडवितें, कारण बैल छातीनें रेटतो व कांटा टोंचला म्हणजे मागें सरतो. मूल रेटीत नाहीं. तें वांकून दोन पदरांमधून जातें, किंवा खालच्या तारेखालून सरपटतें. दोन पदरांमध्यें फूटभर अंतर असेल, तर तें अंतर ४ इंचांच्या मर्यादेच्या तिप्पट झालें. थोडें मोठें मूल त्याच तारांवर खांबाशेजारीं पाय ठेवून चढतें. म्हणजे बैलाची अडचण ती मुलाची शिडी झाली.

बोराटीचें किंवा चिलारीचें कुंपण पहिल्या वर्षीं बरें असतें. पुढें त्यास भगदाडें पडतात. घायपात, शेर, निवडुंग यांचें जिवंत कुंपण दाट होण्यास कांहीं वर्षें लागतात, आणि त्यांतूनहि कुत्र्यानें केलेली वाट मुलास पुरते. हीं कुंपणें बाहेरून दुसरी ओळ म्हणून अवश्य ठेवावीं. त्यांवर मात्र विसंबूं नये.

चेनलिंक जाळी कांटेरी तारेपेक्षां पुष्कळ चांगली आहे. परंतु तिच्या भोंकांत मुलाच्या पायाचीं बोटें बसतात, म्हणून तिची उंची वाढविली पाहिजे. जाळीचें भोंक १३ मिलीमीटरपेक्षां मोठें असल्यास ऑस्ट्रेलियांतील नियमहि १२० सेंटिमीटरवर न थांबतां अधिक उंची मागतात. आपण ती ६ फूट धरावी, व खालचे ४ फूट बाहेरच्या अंगानें घट्ट विणीची हिरवी जाळी किंवा गुळगुळीत पत्रा ताणून झांकावे. जाळीची खालची कड मोकळी लोंबूं देऊं नये. ती जमिनींत वीतभर पुरावी किंवा खालीं दगडमातीनें पक्की करावी.

ज्यांस जाळी परवडत नाहीं त्यांनीं बांबूचें कुंपण करावें. बांबू उभे व एकमेकांजवळ लावावेत, दोहोंतील फट तीन बोटांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि आडव्या पट्ट्या पाण्याच्या बाजूस, म्हणजे आंतून बांधाव्यात. बाहेरून आडवी पट्टी बांधली तर पायरी तयार झाली. बांबू जमिनीशीं कुजतो, म्हणून दरवर्षीं हलवून पाहावा व कुजलेला बदलावा.

दाराविषयीं तर आपल्याकडे फारच ढिलाई आहे. पुष्कळ ठिकाणीं कुंपण उत्तम असतें आणि दाराच्या जागीं कांट्याचा झापा टेकविलेला असतो. झापा बाजूस सारून मोटार पाहावयास गेलेला गडी तो परत लावीलच असें नाहीं. लोखंडी चौकटीचें दार करावें. चौकट किंचित् कलती बसविली म्हणजे दार स्वतःच्या वजनानें मिटतें. नाहीं तर दोरीस दगड बांधून ती कप्पीवरून सोडावी, म्हणजे तो दगड दार ओढून घेतो. कडी आपोआप पडणारी व ५ फूट उंच असावी. दार उघडें राहावें म्हणून त्यास विटेचा टेकू लावण्याची संवय घरांतील प्रत्येकानें सोडली पाहिजे. टेकू लाविलेलें दार असणें व दार नसणें यांत कांहींच भेद नाहीं.

४. खर्चाचा हिशेब

खर्च फार होतो, अशी अडचण बहुतेक सांगतात. तिचा हिशेब करून पाहूं. वर घेतलेलें तळें ३० मीटर चौरस आहे. चारी बाजूंस २ मीटरची वाट सोडून कुंपण घातलें तर त्याची एक बाजू ३४ मीटर व सबंध वेढा १३६ मीटर होतो. अडीच मीटरला एक खांब धरल्यास ५५ खांब लागतील. ६ फूट उंचीची जाळी सुमारें २४५ चौरस मीटर होईल.

आतां अस्तराचें प्लॅस्टिक मोजा. तळाचें २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ चौरस मीटर, चार उतारांचें सुमारें ४५८, आणि कांठावर चरांत दाबण्यासाठीं सुमारें १२४; एकंदर साडेअकराशें चौरस मीटरच्या घरांत. म्हणजे पाणी राखण्यासाठीं जेवढें अस्तर आपण पसरतों, त्याच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास जाळी मूल राखण्यासाठीं लागते. आपल्या बाजारांतील दर या आंकड्यांस लावून प्रत्येकानें रक्कम काढावी. खोदाई, अस्तर, पंप व कुंपण यांचा अंदाज एकाच कागदावर करावा. कुंपण पुढच्या हंगामावर टाकलें म्हणजे तें राहूनच जातें, व तळें मात्र पहिल्या पावसांतच भरतें.

याच कुंपणानें कुत्रीं, रानडुकरें व गुरें तळ्यांत उतरून प्लॅस्टिक फाडीत नाहींत, हा लाभ निराळाच. फाटलेल्या अस्तराचा खर्च ज्यानें एकदां सोसला आहे त्यास हें निराळें सांगावयास नको.

तरीहि एवढा खर्च तूर्त झेपत नसेल, तर ऑस्ट्रेलियांतील शेतकऱ्यांची एक युक्ति घेण्यासारखी आहे. तेथें जनावरांच्या पाण्याचीं मोठीं तळीं शेतांतून असतात, व शेतावरील लहान मुलें बुडण्याचें तें मुख्य स्थान आहे. प्रत्येक तळ्यास कुंपण घालणें शक्य नसतें, म्हणून ते घराच्या अंगणासच कुंपण घालून मुलांना खेळावयास सुरक्षित जागा करितात. आपलें अंगण १० मीटर लांब व ८ मीटर रुंद असेल तर वेढा ३६ मीटर होतो, म्हणजे तळ्याच्या वेढ्याच्या चौथाईहून थोडा अधिक. मापें तींच, दारहि तसेंच. मात्र यानें आपलींच मुलें राखलीं जातात. शेजाऱ्यांचीं, मजुरांचीं व ऊसतोड कामगारांचीं मुलें उघड्यावरच राहतात. कामावर आलेल्या बाईचें मूल बांधावर झोळींत असतें व रांगूं-चालूं लागलें कीं शेतभर फिरतें. म्हणून अंगणाचें कुंपण हा तात्पुरता उपाय समजावा. तळ्याचें कुंपण टाळण्याचें निमित्त नव्हे.

५. आंत पडलेल्यास बाहेर येण्याची सोय

कुंपण झाल्यावरहि तळ्याशीं मोठ्या माणसांचें काम राहतेंच. पंपाची जाळी साफ करणें, तरंगतें पिंप ओढणें, अस्तराचें भोंक बुजविणें. त्यांच्यासाठीं चारी बाजूंस जाड नायलॉनचा दोर कांठावरील पक्क्या खुंट्यास बांधून उतारावरून थेट तळापर्यंत सोडावा, व त्यास हात-दीड हात अंतरावर गांठी माराव्यात. वरील मापाच्या तळ्यांत उताराची लांबी सुमारें सवाचार मीटर येते; खुंट्यापर्यंतचें अंतर धरून प्रत्येक दोर ८ मीटरचा घ्यावा. दोर पाण्याच्या पातळीपर्यंतच सोडला तर उन्हाळ्यांत पाणी खालीं गेल्यावर तो हातीं लागत नाहीं. जुन्या टायरांची सांखळीहि चांगली. फक्त तिच्या तारेनें अस्तर कापणार नाहीं हें पाहावें. कांठावर एक लांब बांबू व हवा भरलेली एक ट्यूब कायम ठेवावी, आणि ती दुसऱ्या कामास नेऊं नये.

एकट्यानें तळ्यांत उतरूं नये. उतरण्यापूर्वीं पंपाचा वीजप्रवाह खटक्यापासून बंद करावा. कमरेस दोर बांधून त्याचें दुसरें टोंक कांठावरच्या माणसाच्या हातीं द्यावें.

ही सारी सोय जाणत्यांसाठीं आहे, हें विसरूं नये. तीन वर्षांच्या मुलास दोर धरतां येत नाहीं. त्याचें रक्षण पाण्याबाहेरच झालें पाहिजे.

६. विहीर व कूपनलिका

शेततळ्याचा विचार करितां जुन्या विहिरी विसरूं नयेत. जमिनीशीं सपाट असलेली, कठडा नसलेली विहीर ही गवत वाढल्यावर दिसतहि नाहीं. तिला निदान ४ फूट उंचीचा कठडा बांधावा, त्यास बाहेरून पायरीसारखा दगड पुढें काढूं नये, आणि मोटेचें थारोळें व धांव ज्या बाजूस उघडी असेल ती बाजूहि बंद करावी. वापरांत असलेल्या विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसविल्यास आणखी उत्तम.

पाणी न लागलेल्या कूपनलिकेविषयीं तर सर्वोच्च न्यायालयानेंच ११ फेब्रुवारी २०१० रोजीं मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, व त्याच वर्षीं ६ ऑगस्टला त्या सुधारल्या. त्यांतील मुख्य अशा: खोदण्यापूर्वीं १५ दिवस अधिकाऱ्यांस लेखी कळवावें, काम चालू असतां भोंवतीं कांटेरी तारेचें कुंपण किंवा योग्य अडथळा व सूचनाफलक असावा, नळाभोंवतीं अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असा सिमेंटचा ओटा ३० सेंटिमीटर जमिनीवर व ३० सेंटिमीटर जमिनींत बांधावा, नळाचें तोंड लोखंडी पत्रा जोडून किंवा बोल्टचें पक्कें झांकण लावून बंद करावें, आणि सोडून दिलेली नलिका माती, वाळू, दगडगोटे यांनीं तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकावी. पोतें कोंबणें किंवा वर दगड ठेवणें हें झांकण नव्हे.

७. कायदा कोठवर पोहोंचतो

रस्त्याकडेच्या विहिरींचा बंदोबस्त करण्याचा अधिकार कायद्यानें दंडाधिकाऱ्यांस जुन्या काळापासून आहे. १८९८ च्या व पुढें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तो १३३ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तो १५२ व्या कलमांत आहे. सार्वजनिक वाटेस किंवा जागेस लागून असलेलें तळें, विहीर किंवा खड्डा लोकांस धोका होणार नाहीं अशा रीतीनें कुंपण घालून बंद करावा, असा सशर्त आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी मालकास देऊं शकतो. मालकास हरकत असल्यास हजर होऊन कारण दाखवावें लागतें. पाणंदीच्या कडेस अशी उघडी विहीर असल्यास गांवकऱ्यांनीं साधा अर्ज करावा. अर्जांत गट नंबर, वाटेपासूनचें अंतर मोजून, व त्या वाटेनें शाळेचीं मुलें जातात किंवा काय, हें स्पष्ट लिहावें. मोघम अर्जावर मोघमच शेरा पडतो.

निष्काळजीपणानें कोणाचा मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. प्रत्येक अपघातास हें कलम लागतें असें नाहीं. परंतु लोकांच्या येण्याजाण्याच्या जागेंत उघडें खोल पाणी ठेवणाऱ्यानें तें माहीत करून घ्यावें. मात्र १५२ व्या कलमाची धांव वाटेच्या कडेपर्यंत आहे. आपल्याच शेतांत, आपल्याच घरामागें असलेल्या तळ्याचा बंदोबस्त करण्यास सरकारी नोटीस येणार नाहीं.

मदतीच्या योजनांचेंहि तेंच. शेतकऱ्यांच्या अपघातासाठीं राज्यशासनाची २०२३ ची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची सानुग्रह अनुदान योजना आहे, व मृत्यूबद्दल तींत २ लाख रुपये ठरविले आहेत. परंतु तिची वयोमर्यादा १० ते ७५ वर्षें आहे. ज्या वयांत मूल पाण्याकडे ओढलें जातें व ज्या वयांत त्यास धोका कळत नाहीं, तें वय या मर्यादेच्या खालचें आहे. आणि वय बसलें असतें तरी त्या रकमेनें काय भरून येणार होतें, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारावें.

८. प्रसंग आल्यास

मूल पाण्यांत दिसल्यास पोहतां न येणाऱ्यानें उडी टाकूं नये. एकास काढावयास दुसरा व दुसऱ्यास तिसरा असे एकाच घरचे दोघे-तिघे गेल्याचीं उदाहरणें शेततळ्यांवर घडलीं आहेत. ओरडून माणसें बोलवावीत. बांबू पुढें करावा, दोर किंवा ट्यूब टाकावी.

बाहेर काढतांच पायांस धरून उलटें टांगणें, गरगर फिरविणें, पोट दाबून पाणी काढणें हे प्रकार मुळींच करूं नयेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसल्यास मुलास उताणें निजवावें, हनुवटी किंचित् वर करावी, व प्रथम तोंडानें श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मधोमध जलद दाब द्यावेत. मिनिटास १०० ते १२० या गतीनें ३० दाब व मग २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत सोडूं नये. दुसऱ्या कोणीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर आलें तरी दवाखान्यांत न्यावेंच, कारण फुप्फुसांतील विकार कांहीं तासांनीं उद्भवूं शकतो. हा क्रम वाचून येत नाहीं, करून येतो. आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांस विनंति करून प्रत्येक गांवांत तो एकदां प्रत्यक्ष शिकून घ्यावा. सहा वर्षांवरील मुलांस पोहावयास शिकविणेंहि हिताचें. परंतु पोहतां येतें म्हणून कुंपण नको, असा अर्थ त्यांतून काढूं नये.

९. लोक करतील काय

इतकें सारें लोक कोठें करतात, असें म्हणणारे भेटतील. त्यांना नारूची आठवण द्यावी. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरत, पायांतील नारू पाण्यांत जाई व तेंच पाणी गांव पीत असे. तेव्हां पायऱ्या बंद करून, कठडे बांधून, पाणी वरून ओढून घेण्याची रीत लाविली गेली. पाणी गाळून पिण्याचें शिक्षणहि दिलें गेलें. पिढ्यान्‌पिढ्यांची उतरण्याची संवय लोकांनीं सोडली. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं, आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. माणूस व पाणी यांमध्यें योग्य जागीं भिंत घालण्याचें काम आपण एकदां केलेलें आहे.

तेव्हां वाचकांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं एवढें करावें. ४ फूट लांबीची एक काठी व ४ इंच रुंदीचा एक लांकडी ठोकळा घ्यावा, आणि आपल्या तळ्याभोंवतीं एक फेरी मारावी. काठीपेक्षां कुंपण कोठें बुटकें आहे, ठोकळा कोठून आरपार जातो, ३ फुटांच्या आंत पाय ठेवण्यास काय पडलें आहे, आणि सोडून दिलेलें दार स्वतः मिटून कडी पडते किंवा नाहीं, या चार गोष्टी पाहाव्यात. जेथें चूक आढळेल तेथें खूण करून त्याच आठवड्यांत दुरुस्ती करावी. हीच तपासणी वर्षांतून दोन वेळां व्हावी. एकदां मुलांची उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीं व एकदां तळें भरण्यापूर्वीं. शेतकरी संघांच्या गांवशाखांनीं ती सभासदांच्या तळ्यांवर एकमेकांकडून करून घेतल्यास अधिक बरें, कारण आपल्या कुंपणांतील भगदाड आपल्या डोळ्यांच्या संवयीचें झालेलें असतें, शेजाऱ्यास तें चटकन् दिसतें.